पिशवीला भोक, मंगळावर पॅराशूट

गिरगावातल्या आमच्या चाळीची ही तिसऱ्या मजल्याची गॅलरी. भाच्याने प्लास्टिकच्या पिशवीला (बंदी आहे, पण घरात सापडतेच) चार बाजूंनी दोरे बांधलेत, खाली लोंबतोय रिमोटचा जुना सेल. सोडलं आणि गेलं डुलत डुलत, थेट दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या चादरीवर. आता तो पिशवीला मधोमध रुपयाएवढं भोक पाडतोय, बघा. "मामा, हवा निघून जाईल ना?" जाऊ दे. सोड. यावेळी जवळजवळ सरळ अंगणात.

झालं काय, तर कोंडलेली हवा आधी या कडेने सांडत होती मग त्या कडेने, म्हणून झोके, आता तिला मधून वाट मिळाली. 1976 च्या व्हायकिंगपासून नासाची मंगळावर उतरलेली यानं याच डोक्याने चाललीत. त्यांचं पॅराशूट म्हणजे वर मधोमध भोक असलेली चकती, मग रिकामी फट, खाली कापडाचा पट्टा, म्हणून नाव डिस्क-गॅप-बँड. फटीमुळे ब्रेक थोडा कमी लागतो, पण यान फारसं झुलत नाही.

पण मंगळावर हवेचा दाब आपल्या 1 टक्काही नाही, त्यामुळे पॅराशूट मोठं लागतं आणि आवाजापेक्षा जास्त वेगात असतानाच उघडावं लागतं. 2014 आणि 2015 मध्ये नासाने हवाईजवळ 30 मीटरच्या आसपासची दोन पॅराशूट वर नेऊन तपासली, दोन्ही फाटली. मग मंगळावर जाणाऱ्या पर्सिव्हरन्स रोव्हरसाठी कापड आणखी मजबूत केलं, आणि सप्टेंबर 2018 च्या चाचणीत ते 0.4 सेकंदात उघडलं, ताण सुमारे 32 टन. पापणी लवेपर्यंत काम फत्ते! आणि घडी घालून दाबलं की हेच नायलॉन लाकडाच्या ओंडक्याइतकं घट्ट होतं, आमच्याकडे गादीवाल्यालाही जमणार नाही.

18 फेब्रुवारी 2021 ला मंगळावर हे 21.5 मीटरचं पॅराशूट ताशी साधारण 1500 किमी वेगात उघडलं, वेग आला 320 पर्यंत. तेवढ्या वेगात यान टेकलं असतं तर भुगाच, म्हणून पुढचं काम रॉकेटचं. (शनीच्या टायटन या चंद्रावर उलट, हवा इतकी दाट की 2005 मध्ये हायगेन्स यान अडीच तास निवांत तरंगत उतरलं.)

एप्रिल 2022 मध्ये पर्सिव्हरन्सबरोबर गेलेल्या छोट्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरने धुळीत पडलेल्या त्या पॅराशूटचे फोटो काढले, कुठे फाटलेलं दिसत नाही.

भाचा पुन्हा कात्री घेऊन बसलाय, भोक अजून मोठं केलं तर काय होतं ते बघायला. काकूंनी चादर आत घेतली आहे.