कवितेतली आई, कथेतली आई

मराठी कथेवरच्या या माहितीपटात आधी दिसते ते वालदेवी नदीच्या काठचे विहितगाव. ते नाशिकरोडला लागून आहे आणि आता शहरातच सामावले आहे. दलित कथाकार बाबूराव बागूल यांचा जन्म येथे १७ जुलै १९३० रोजी झाला. त्याच वर्षी २ मार्चला, पडद्यावर दिसणाऱ्या नाशिकच्या काळाराम मंदिराच्या याच दरवाजांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला होता. कथेवरच्या माहितीपटात मंदिराचा दरवाजा इतका वेळ कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु ज्यांना या दाराबाहेर रोखून धरले गेले, त्यांच्यातल्याच एका लेखकाने पुढे मराठी कथेचे सोवळे मोडले.

१९६३ मध्ये बागूलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा मराठीतल्या नवकथेच्या प्रवाहाने रचलेल्या कथानकाची आणि चटकदार शेवटाची सक्ती झुगारून दिलेलीच होती. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले या नवकथाकारांनी कथा माणसाच्या मनात नेली. मात्र ते मन बहुतेक वेळा पांढरपेशाचे होते.

आता बागूलांच्या ‘आई’ या कथेचे हे पान पाहा. कथा सुरू होते ती शाळेच्या वर्गात, जेथे गुरुजी आईच्या वात्सल्याची कविता तल्लीन होऊन शिकवीत आहेत आणि एक दलित मुलगा ती ऐकताना गहिवरून गेला आहे. बागूल ही कविता सहज म्हणून आणत नाहीत. मराठी साहित्याने पिढ्यान्‌पिढ्या पूजलेली आई ते आधी त्या वर्गात उभी करतात आणि मग मुलाला वस्तीत आणतात. तेथे त्याच्या विधवा आईचे नाव मुकादमाशी जोडले जाते. तिला पोटाची भूक आहे, तशी देहाचीही आहे. त्याबद्दल लेखक तिला शिक्षा सुनावत नाही आणि तिच्यासाठी दयेची याचनाही करत नाही. मुलगा घर सोडून निघतो, तेव्हा तिला त्याच्यामागे धावायचे असते, पण मुकादमाची मिठी सुटत नाही. साहित्यातला संकेत आणि समाजातली समजूत येथे एकाच घावात तुटतात, आणि आमच्या मते नवकथेला हे साधले नव्हते.

१९६९ मध्ये बागूलांचा ‘मरण स्वस्त होत आहे’ हा कथासंग्रह आला, दलित कथा बहरली, आणि २००८ मध्ये ते नाशिकमध्येच निवर्तले. नाशिकचे मुक्त विद्यापीठ त्यांच्या नावाने कथेसाठी पुरस्कार देते.