तारीख चुकली म्हणून

(दृश्य: सेंट लुईसच्या उत्तरेकडचं एक साधं उपनगर. रुंद रस्ता, पेट्रोल पंप, छोटी दुकानं, सिग्नलला थांबलेल्या जुन्या गाड्या.)

फर्ग्युसनचं मुन्सिपल कोर्ट पोलीस ठाण्याच्याच इमारतीत भरायचं. कोर्टातले कारकून पोलीसप्रमुखांच्या हाताखाली काम करायचे. पावती फाडणारे, त्या पावतीवर निवाडा देणारे आणि पैसे मोजून घेणारे, सगळे एकाच छपराखाली. अमेरिकेच्या मिसुरी राज्यातलं हे गाव. वस्ती साधारण २१ हजार, त्यातले दोनतृतीयांश कृष्णवर्णीय.

९ ऑगस्ट २०१४ रोजी इथे मायकल ब्राउन हा १८ वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. त्यानंतरचे अश्रुधुराचे आणि जाळपोळीचे दिवस टीव्हीवर आपणही पाहिले. पुढचं मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. अमेरिकेच्या केंद्रीय न्याय खात्याने सहा महिने या गावाची दप्तरं तपासली आणि ४ मार्च २०१५ ला अहवाल प्रसिद्ध केला. त्या अहवालात पानंच्या पानं आहेत ती चुकीच्या पार्किंगची, न लावलेल्या सीटबेल्टची, अंगणात वाढलेल्या गवताची.

(दृश्य: रस्त्याच्या कडेला उभी गाडी. वायपरखाली अडकवलेला कागद.)

त्यातली एक हकीकत एका कृष्णवर्णीय बाईची आहे. अहवालात तिचं नाव दिलेलं नाही. २००७ साली तिने एकदा गाडी चुकीच्या जागी उभी केली. त्या एका वेळेच्या दोन पावत्या झाल्या. दंड १५१ डॉलर, वर फी. तिची परिस्थिती आधीच ओढगस्तीची. मधल्या काळात राहायला घरही उरलं नाही. कोर्टाच्या तारखा चुकल्या, हप्ते चुकले. २००७ ते २०१० या काळात तिच्यावर गैरहजेरीचे सात गुन्हे लागले. प्रत्येक गैरहजेरीला नवं पकड वॉरंट, नवा दंड, नवी फी.

दोनदा तिने जमेल तेवढे पैसे भरायचा प्रयत्न केला. एकदा २५ डॉलर, एकदा ५०. कोर्टाने दोन्ही वेळा परत पाठवले. भरायचे तर पूर्ण भरा. २०१४ पर्यंत तिला दोनदा अटक झाली, सहा दिवस तिने कोठडीत काढले आणि एकूण ५५० डॉलर भरले. त्या वर्षीच्या डिसेंबरात तिच्या नावावर बाकी होती ५४१ डॉलर. खेड्यातल्या सावकाराच्या वहीत शोभावा असा हा हिशेब, फक्त इथे वहीवर कोर्टाचा शिक्का होता.

आता नीट बघा. गाडी चुकीची लावली म्हणून तिला कुणी बेड्या घातल्या नाहीत. बेड्या पडल्या त्या तारखेला न गेल्याबद्दल.

(दृश्य: संध्याकाळ. एका इमारतीबाहेर लांबलेली रांग.)

तारखेला माणूस जात का नाही? आपल्याला वाटतं, निष्काळजी असेल. कोर्ट महिन्यातून तीनचार वेळाच बसायचं, आणि एकेका बैठकीला शेकडो माणसं. पावतीवर तारीख किंवा वेळ चुकीची लिहिल्याचे प्रकार अहवालात नोंदलेले आहेत. नोटीस जुन्या पत्त्यावर जायची, आणि भाड्याची घरं बदलणाऱ्यांचा पत्ता जुना व्हायला वेळ लागत नाही. शिवाय एक भीती बऱ्याच जणांच्या मनात होती: खिशात पैसे नसताना कोर्टात पाऊल ठेवलं तर तिथूनच आत टाकतील. म्हणून लोक गेलेच नाहीत. आणि न जाणं हाच गुन्हा.

पुढची साखळी फार सरळ आहे. गैरहजेरी लागली की वाहन परवाना निलंबित होऊ शकायचा. पण कामावर तर जायला हवं. माणूस तशीच गाडी काढतो. मागचा दिवा बंद आहे म्हणून पोलीस थांबवतो, नाव संगणकात टाकतो, पडद्यावर वॉरंट दिसतं. आता दिव्याचा विषय मागे पडतो. निलंबित परवान्यावर गाडी चालवल्याची आणखी एक पावती, आणि जामिनाची रक्कम जमेपर्यंत कोठडी. कोठडीत दोन दिवस गेले की कामावरचा खाडा, आणि खाडे करणाऱ्याला नोकरीवर कोण ठेवतो?

आपल्याकडे ई-चलान थकलं तर ते अ‍ॅपवर लाल आकडा होऊन पडून राहतं, आणि बरेच जण लोकअदालतीच्या नोटिशीची वाट बघत बसतात. फर्ग्युसनमध्ये थकलेल्या पावतीला पाय फुटायचे. ती एखाद्या सिग्नलवर माणसाला गाठायची.

आणि गाव काही एकटं नव्हतं. सेंट लुईस काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, तेव्हा नव्वदच्या आसपास नगरपालिका होत्या आणि ८१ मुन्सिपल कोर्टं. काही गावं इतकी लहान, की गाडीने पाचदहा मिनिटांत तीन हद्दी ओलांडाव्यात. त्यामुळे एका गावच्या कोठडीतून सुटका झाली की दुसऱ्या गावचा पोलीस दारात उभा, कारण त्यांचंही वॉरंट बाकी असायचं. तिथून तिसऱ्याकडे.

(दृश्य: कागदांचे गठ्ठे. आकड्यांवरून फिरणारा कॅमेरा.)

२०१३ या एका वर्षात फर्ग्युसनच्या कोर्टाने ९,००० हून जास्त वॉरंटं काढली. २०१४ च्या अखेरीस १६,००० हून जास्त लोकांच्या नावावर वॉरंट उभं होतं. २१ हजार वस्तीच्या गावात हा आकडा बसतच नाही, कारण त्यात येणारेजाणारेही होते. केवळ मुन्सिपल वॉरंट बाकी आहे एवढ्याच कारणाने फर्ग्युसन पोलिसांनी ज्यांना अटक केली, त्यांतले ९६ टक्के कृष्णवर्णीय होते.

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर शोधायला फार खोल जावं लागत नाही. ते गावाच्या अर्थसंकल्पातच आहे. २०१० या आर्थिक वर्षात गावाच्या सर्वसाधारण महसुलात दंड आणि फीचा वाटा १३ लाख ८० हजार डॉलर होता. २०१५ साठी अंदाज धरला होता ३० लाख ९० हजारांचा, एकूण महसुलाच्या चौथ्या हिश्शाच्या जवळपास. गुन्हे होण्याआधीच त्यांची रक्कम जमेच्या बाजूला मांडून ठेवलेली. मार्च २०१० मध्ये गावाच्या वित्त संचालकांनी पोलीसप्रमुखांना मेल केली. तिचा आशय असा, की वर्ष संपायच्या आत पावत्यांचं प्रमाण चांगलंच वाढलं नाही तर पुढच्या वर्षी वसुली वाढवणं कठीण होईल, आणि विक्रीकरात मोठी तूट येणार असल्याने हा काही किरकोळ विषय नाही. पोलिसाचं काम चांगलं की वाईट, हेही त्याने किती पावत्या फाडल्या यावरून जोखलं जायचं.

मिसुरीला हा रोग नवा नव्हता. मॅक्स क्रीक नावाचं एक चिमुकलं गाव हमरस्त्यावरच्या वेगाच्या दंडावर इतकं पोसलं गेलं होतं, की १९९५ मध्ये राज्याने अशा कमाईवर मर्यादा घालणारा कायदा केला. काही वर्षांत त्या गावाचं दिवाळं वाजलं. कायद्याला नाव मात्र त्याचंच चिकटलं.

(दृश्य: सार्वजनिक बाग. बास्केटबॉलचं रिकामं मैदान.)

२०१२ चा उन्हाळा. ३२ वर्षांचा एक माणूस बास्केटबॉल खेळून घामाघूम झालेला, गाडीत बसून जरा दम खात होता. गाडी उभी. पोलिसाची गाडी येऊन आडवी लागली. ओळखपत्राची मागणी झाली, बागेतल्या मुलांवरून नको तो आरोप झाला, मग गाडीची झडती घेऊ द्या म्हणून आग्रह. त्याने आपला घटनात्मक हक्क सांगून नकार दिला. त्याच्या सांगण्यानुसार पिस्तूल रोखूनच त्याला अटक झाली. आठ कलमं लागली. त्यातलं एक खोटी माहिती दिल्याचं: त्याने मायकलऐवजी माइक असं नाव सांगितलं होतं. दुसरं सीटबेल्ट न लावल्याचं, तेही उभ्या गाडीत. या आरोपांपायी त्याची केंद्र सरकारच्या कंत्राटातली अनेक वर्षांची नोकरी गेली.

याच गावात दुसऱ्या बाजूला काय चालायचं तेही त्याच अहवालात आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये फर्ग्युसनचे न्यायाधीश रोनाल्ड ब्रॉकमायर यांना शेजारच्या हेझलवूडमध्ये लाल सिग्नलच्या कॅमेऱ्याची पावती आली. फर्ग्युसनचे सरकारी वकील हेझलवूडचेही सरकारी वकील होते. न्यायाधीशांनी त्यांना मेल पाठवून पावती रद्द करायला सांगितलं. वकिलांनी ती रद्द केल्याचं कळवलं. न्यायाधीशांना ना तारीख पडली, ना त्यांच्यावर वॉरंट निघालं.

(दृश्य: टेक्सासचा मोकळा रस्ता. एक पिकअप ट्रक हळू जातो आहे.)

तारीख चुकल्याशिवायही अटक होते. मार्च १९९७, टेक्सासमधलं लागो व्हिस्टा. गेल अ‍ॅटवॉटर आपल्या तीन आणि पाच वर्षांच्या मुलांना घेऊन चालली होती. कुणाचाच सीटबेल्ट नव्हता. या गुन्ह्याचा जास्तीत जास्त दंड ५० डॉलर. पोलिसाने तिला बेड्या घातल्या आणि ठाण्यात नेलं. तासभर कोठडी, मग ३१० डॉलरचा जामीन. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, तो पोलिसासमोर घडला असेल तर त्यासाठीही वॉरंटशिवाय अटक करणं घटनेत बसतं. या पोलिसाने निरर्थक अपमान केला, हे बहुमताने मान्य केलं, आणि तरीही अटक वैध ठरवली. तिथे तो निर्णय आजही लागू आहे. काही राज्यांनी आपल्या कायद्यात याहून जास्त संरक्षण दिलं, एवढंच.

मग प्रश्न उरतो तो पैसे नसलेल्याला तुरुंगात टाकण्याचा. त्याचा निकाल तर १९७१ मध्येच लागला होता. ह्यूस्टनचा एक गरीब माणूस, टेट. वाहतुकीच्या गुन्ह्यांचा दंड साचून ४२५ डॉलर झालेला. भरता येत नाही म्हणून दिवसाला पाच डॉलरच्या हिशेबाने ८५ दिवस कैद. सर्वोच्च न्यायालयाने हे रद्द केलं: ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे, तिथे निव्वळ गरिबीपायी त्या दंडाची कैद करता येत नाही.

फर्ग्युसनची चलाखी इथे कळते. कागदावर तिथे पैशासाठी कुणी आत जातच नव्हतं. जात होतं ते गैरहजेरीसाठी. हजर न झालेल्या माणसाची ऐपत आहे का, हे विचारायची वेळच येत नव्हती, आणि जामिनाची रक्कम मात्र आधीच ठरलेली असायची.

(दृश्य: नगर परिषदेची सभा. माइकसमोर उभे नागरिक.)

सप्टेंबर २०१४ मध्ये, निदर्शनं सुरू असताना, नगर परिषदेने गैरहजेरीचा वेगळा गुन्हा रद्द केला. अहवालानंतर काही दिवसांत ब्रॉकमायर यांनी राजीनामा दिला, आणि मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने फर्ग्युसनचे खटले राज्याच्या अपील न्यायालयातल्या एका न्यायाधीशाकडे सोपवले. ऑगस्ट २०१५ मध्ये नवे मुन्सिपल न्यायाधीश डोनाल्ड मॅकलिन यांनी २०१४ संपायच्या आधी निघालेली सगळी वॉरंटं मागे घेतली. त्याच महिन्यापर्यंत राज्याचा नवा कायदाही आला होता. त्याने वाहतूक दंडाच्या कमाईवरची मर्यादा आणखी खाली आणली.

फर्ग्युसनच्या कोठडीत राहिलेल्यांनी २०१५ मध्येच गावावर सामूहिक दावा लावला होता. गावाने तो २०२४ मध्ये ४५ लाख डॉलरवर मिटवला. मिसुरीत किरकोळ वाहतूक गुन्ह्याच्या तारखेला कुणी गेलं नाही तर आता त्याचा वेगळा गुन्हा लावून वेगळा दंड उकळता येत नाही. वॉरंट मात्र अजूनही निघू शकतं.