सोमवारचा मुलगा, शुक्रवारचा मुलगा

बसा, बसा. पुढच्या बाकांवर जागा आहे, या पुढे. अर्जुना नदीचं पाणी चढतंय, त्यामुळे जवाहर चौकातल्या दुकानदारांचं निम्मं लक्ष खाली आहे हे मला ठाऊक आहे. नाटे गावाकडची मंडळी शेवटच्या गाडीवर डोळा ठेवून आहेत. पाऊण तासात आटोपतो.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘संसदेतली प्रश्नोत्तरं : परराष्ट्र व्यवहार आणि बेरोजगारी’. परवा एकानं मला विचारलं, गुरुजी, राजापुरात परराष्ट्र व्यवहार कशाला? मी म्हटलं, राजापुरात नाही तर कुठे? १९५७ पासून १९७१ च्या जानेवारीत जाईपर्यंत बॅरिस्टर नाथ पै तेव्हाच्या राजापूर मतदारसंघाचे खासदार होते. १९५९ च्या ऑगस्टमध्ये अक्साई चीनमधल्या चिनी रस्त्याची गोष्ट पंडित नेहरूंना संसदेत सांगावी लागली, त्या लोकसभेत आपला माणूस बसलेला होता. त्यांच्यानंतर मधु दंडवते. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत गिळलं, तेव्हा आपले खासदार देशाचे अर्थमंत्री होते. एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना त्या वेळी विमानांनी परत आणलं. त्यांतली काही माणसं आज या सभागृहात आहेत. मला समोर दिसताहेत. अम्मानच्या विमानतळाबाहेर वाळूत काढलेल्या रात्री त्यांच्याकडूनच ऐकल्यात मी.

आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर? घराणं आपल्या जिल्ह्यातल्या मावळंग्याचं, आणि लहानपणीचं काही शिक्षण या राजापुरात. शाळेत मी मुलांना हे दर वर्षी सांगायचो, पण परीक्षेला येत नाही म्हणून कुणी वहीत उतरवून घ्यायचं नाही. आज तरी उतरवून घ्या, कारण दादासाहेबांचं नाव शेवटी परत येणार आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. कोकणात परराष्ट्र व्यवहार आणि बेरोजगारी असे दोन विषय नाहीतच. गिरण्या होत्या तोवर आपला रोजगार परळ-लालबागला होता. १९८२ चा संप झाला, चाकरमानी वळकट्या घेऊन गावी आले, आणि त्यांची पुढची पिढी दुबई, कुवेत, दोह्याकडे वळली. त्याआधीपासून आपल्या मुसलमान वाड्यांतून माणसं आखातात आणि बोटींवर जातच होती. पूर्वी पोस्टमन मनीऑर्डर आणायचा, आता पैसे बँकेत येतात, बाकी सगळं तेच. आपल्या घरात बेरोजगारीवरचा उपाय म्हणजे पासपोर्ट. दिल्लीत मात्र या एका गोष्टीचे दोन तुकडे होतात. लोकसभेत मंत्रालयांना वार वाटून दिलेले असतात. कामगार मंत्री उत्तरं देतात सोमवारी, परराष्ट्र मंत्री शुक्रवारी. मधल्या तीन दिवसांत आपला मुलगा हरवतो.

हे मला कसं कळलं ते सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझाच एक विद्यार्थी. दहावी पास, मग आयटीआयला वेल्डिंग. हात इतका चांगला की गावातल्या शाळेचं फाटक त्यानं जोडलेलं आहे, अजून कुरकुरत नाही. मुंबईच्या एका एजंटानं त्याला कुवेतला पाइपलाइनवर वेल्डरची नोकरी सांगितली आणि दीड लाख घेतले. बापानं आंब्याच्या कलमांचे दोन दागे, म्हणजे बागेचे तुकडे, गहाण टाकले. कायद्यानं नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त तीस हजार आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, हे त्या घरात कुणाला माहीत असणार? मलाही नव्हतं.

तीन महिन्यांनी त्याची आई माझ्या पडवीत आली. पाऊस पडत होता. पदराखालून तिनं साखरेची रिकामी पिशवी काढली, रबर लावलेली. आत व्हिसाची झेरॉक्स. म्हणाली, “गुरुजी, पोरगो फोनवर रडता. ह्यात काय लिवलाय ता कोण सांगल?” कागद अरबीत. मला अलिफ-बे येत नाही. मी तिला घेऊन पलीकडच्या वाडीत मौलानांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद दिव्याखाली धरला आणि एका ओळीवर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “भाभी, हा वीस नंबरचा व्हिसा आहे. खादिम. घरकामगार.” वेल्डरचा शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता. घरकामाच्या व्हिसावर मुलाला गोदामात खोकी उचलायला लावली होती, आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात. मौलानांच्या घरी तिला चहा दिला, तिनं घेतला नाही. नुसती कपाकडे बघत राहिली. ती शांतता माझ्या कानांतून अजून गेलेली नाही.

परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर मी तक्रार केली. मुलगा अकरा महिन्यांनी घरी आला. अंगावरच्या कपड्यांनिशी आला, पण आला. दागे सुटायला आणखी चार आंबे-हंगाम गेले.

तेव्हा मी एका खासदारांच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, यावर प्रश्न विचारा म्हणून. त्यांनी विचारला, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचा, लागला. उत्तर आलं. दोन पानं. नोंदणीकृत एजंटांची व्यवस्था आहे, परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या नोंदीचं ‘ई-मायग्रेट’ पोर्टल आहे, हेल्पलाइन आहे, तक्रार आली की ती राज्य सरकारकडे पाठवली जाते. एकही वाक्य खोटं नव्हतं. आणि माझ्या विद्यार्थ्याला लागू पडेल असं एकही वाक्य त्यात नव्हतं.

का नव्हतं, ते शोधायला मला दोन वर्षं लागली. १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याबद्दलचा. आखातातले देश धरून अठरा देशांत नोकरीला जाणाऱ्या, कमी शिकलेल्या माणसाला सरकारची परवानगी लागते, आणि परवानगी दिली की नोंद होते. पण दहावी पास झालेल्याला ही परवानगी लागत नाही. म्हणजे आपण शिक्षकांनी जीव काढून ज्याला दहावी पास केलं, तो त्या परवानग्यांच्या आकड्यात नाहीच. शुक्रवारच्या उत्तरात तो नसतो.

मग सोमवारच्या उत्तरात असेल? तिथे आकडे येतात सरकारच्या श्रमबळ सर्वेक्षणाचे. त्या सर्वेक्षणात जो सहा महिने किंवा अधिक घराबाहेर आहे तो त्या घराचा माणूस धरत नाहीत. कुवेतला गेलेला मुलगा तिथूनही गळला.

किती वाजले? बाप रे. अहो, घंटा नका वाजवू, दहा मिनिटं द्या. खरं व्याख्यान आता आहे.

बेरोजगारीचं उत्तर कसं वाचायचं ते भरभर सांगतो. २०२३-२४ साल, देश एकच, सर्वेक्षण एकच. वर्षभराच्या ‘नेहमीच्या स्थिती’नं मोजलं तर बेरोजगारी ३.२ टक्के. ‘चालू आठवड्या’नं मोजलं तर ४.९. आणि पंधरा ते एकोणतीस वयाची मुलं तेवढी घेतली, तर नेहमीच्या स्थितीनंच १०.२. तिन्ही आकडे खरे. ‘देशातली बेरोजगारी किती’ असं मोघम विचारलंत तर मंत्री ३.२ सांगतील, आणि त्यांना खोटं म्हणता येणार नाही. आठवड्याच्या मोजणीत सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात. वर्षाच्या मोजणीत उरलेलं वर्ष काम शोधत फिरला, पण तीस दिवस काम केलं, तरी रोजगारात. आता आपली बाग डोळ्यांपुढे आणा. बीकॉम झालेला मुलगा एप्रिल-मेमध्ये बापाबरोबर पेट्या भरतो, बिनपगारी. तो रोजगारात. नाट्याच्या ट्रॉलरवरचा खलाशी जून-जुलैच्या बंदीत घरी बसतो. वर्षाच्या मोजणीत तोही रोजगारात. म्हणून प्रश्नातच लिहायचं की कोणत्या पद्धतीनं, कोणत्या वयाचे, घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारे वेगळे काढून.

दुसरं. लोकसभेत रोज वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न लागतात, चिठ्ठ्या काढून. तारांकिताला तोंडी उत्तर आणि त्यावर पुरवणी प्रश्न. मंत्र्याला खरा घाम फुटतो तो पुरवणीला, कारण ती आधी लिहून दिलेली नसते. पण तासाभरात वीसांपैकी थोड्यांचीच पाळी येते, बाकीच्यांचं उत्तर कागदावर. पंधरा दिवस आधी सूचना, दीडशे शब्दांची मर्यादा. तेव्हा पत्रात हळहळ लिहू नका, थेट दीडशे शब्दांचा प्रश्नच लिहून द्या.

तिसरं, आणि इथे दादासाहेब परत येतात. ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं उत्तर आलं की आपण निराश होऊन कागद ठेवून देतो. ठेवू नका! ते उत्तर म्हणजे आश्वासन असतं. दादासाहेब अध्यक्ष असताना १ डिसेंबर १९५३ ला लोकसभेत शासकीय आश्वासन समिती झाली. मंत्र्यानं तीन महिन्यांत ती माहिती द्यायची, नाही दिली तर समिती विचारते. तारीख लिहून ठेवा, तीन महिन्यांनी खासदारांना आठवण करा. ‘माहिती ठेवली जात नाही’ असं उत्तर आलं तर मात्र तिथे आश्वासन नाही. २०२० मध्ये टाळेबंदीत वाटेत मेलेल्या स्थलांतरित मजुरांबद्दल हेच उत्तर आलं होतं, आणि त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवलेला नव्हता, म्हणजे पुरवणीही नाही. मग पुढचा प्रश्न तोच विचारायचा : का ठेवली जात नाही, आणि कधीपासून ठेवणार?

मी एक प्रश्न लिहून आणलाय, वाचतो. गेल्या पाच वर्षांत महाराष्ट्राच्या किनारी जिल्ह्यांतून परवानगीची गरज नसलेल्या पासपोर्टवर आखाती देशांत नोकरीला गेलेल्यांची जिल्हावार संख्या सरकारकडे आहे काय. नसल्यास, ती ठेवण्यासाठी कोणतं मंत्रालय जबाबदार आहे. आणि व्हिसावरचं काम व सांगितलेलं काम वेगळं असल्याच्या किती तक्रारी आल्या व किती एजंटांवर खटले झाले? याच्या दोन प्रती, एक परराष्ट्र मंत्र्यांना, एक कामगार मंत्र्यांना. सोमवारीही आणि शुक्रवारीही.

कागद दाराशी टेबलावर ठेवलाय, शेजारी पेन आहे. ज्यांच्या घरचं कुणी बाहेर आहे त्यांनी आधी सही करा, म्हणजे नाट्याच्या मंडळींना गाडी मिळेल.