दिव्याचं फाटक लोकलला लेट का करतं?

नमस्कार मंडळी. आज दिव्याबद्दल बोलायचंय. ठाण्याच्या पुढचं, मुंब्र्यानंतरचं दिवा जंक्शन. कल्याणची लोकल असो, वसई-पनवेल असो की सावंतवाडीची गाडी, दिव्याशिवाय भागत नाही. दिवा, साबे, दातिवली, आगासन ही मूळची आगरी वस्तीची गावं. मुंबईत घर परवडेना तशी माणसं इथे आली आणि भातखाचरांवर चाळी अन् इमारती उभ्या राहिल्या.

रेल्वे होतीच. रस्ते मात्र गावाचेच राहिले, आणि पूर्व-पश्चिम जोडणारं फाटक रुळांवरच राहिलं.

आता नीट ऐका, कारण इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. लोकल लेट झाली की आपण मोटरमनला बोलतो, फाटक बंद दिसलं की गेटमनला. पण हे फाटक आणि सिग्नल एकमेकांना बांधलेले असतात. त्याला इंटरलॉकिंग म्हणतात. फाटकाचा दांडा पूर्ण खाली आला आणि लॉक लागलं, तरच गाडीला हिरवा सिग्नल मिळतो.

गर्दीच्या वेळेला फाटकाजवळ उभं राहून बघा. भोंगा वाजतो, दांडा खाली यायला लागतो. एक रिक्षा घुसते, तिच्यामागे बाईक, मग मान वाकवून दोन बाईकवाले. दांडा अर्ध्यावर अडकतो. लॉक लागत नाही, सिग्नल लाल. तिकडे भरलेली लोकल थांबते, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. या चार जणांची घाई डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला भोगावी लागते. आणि त्या बाईकवाल्याला तरी किती दोष द्यायचा? एकामागून एक गाड्या असल्या की फाटक उघडायला सवडच मिळत नाही. ताटकळलेल्या त्या रांगेत कधी रुग्णवाहिकाही असते.

मग पूल का नाही बांधला? आता थोडं गणित. फाटकावरून 24 तासांत किती रेल्वेगाड्या जातात आणि किती वाहनं जातात, या दोन आकड्यांचा गुणाकार करतात. त्याला टीव्हीयू म्हणतात, ट्रेन व्हेइकल युनिट. हा गुणाकार 1 लाखावर गेला की उड्डाणपुलाचा खर्च रेल्वेने आणि राज्याने निम्मा-निम्मा करायचा, असा वर्षानुवर्षांचा निकष आहे. 200 गाड्या आणि 500 वाहनं, झाले 1 लाख. मुंबई उपनगरी मार्गावर हा आकडा गाठायला काहीच कष्ट पडत नाहीत.

पण मोजणीची पद्धत बघा. मोटारगाडी 1 युनिट. बैलगाडीसुद्धा 1 युनिट. रिक्षा अर्धं, मोटरसायकल पाव. आणि पायी रूळ ओलांडणारा माणूस? त्याचं युनिटच नाही. दिव्यासारख्या ठिकाणी बहुतेक लोक पायी किंवा रिक्षानेच जातात, म्हणजे खरी गर्दी या हिशेबात नीट दिसतच नाही. मला हे मनापासून खटकतं. शाळेत जाणारं पोर रूळ ओलांडतं, ते मोजणीत नाही.

तरीही दिव्याला आकडा आड आला नाही, आड आली जागा. रुळांवर 25 हजार व्होल्टची तार आहे, तिच्या वरून पूल न्यायचा तर रस्ता रुळांपासून साधारण 8 मीटर उंच लागतो. चढ 30 मीटरला 1 मीटर धरला, तर पुलावर चढायला एका बाजूला 240 मीटरचा पोचरस्ता. दुसऱ्या बाजूलाही तेवढाच. पुलाचा रुळांवरचा भाग रेल्वे बांधते, पोचरस्ते पालिकेकडे. आणि त्या जागेत लोकांची राहती घरं. दिव्याचा पूल इतकी वर्षं रखडला तो या घरांच्या पुनर्वसनापाशी. त्या कुटुंबांनी जायचं कुठे, हे न ठरवता कुणी त्यांना उठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कळव्यात खारेगावचा पूल जानेवारी 2022 मध्ये सुरू झाला, आणि तिथलं फाटक गेलं. म्हणजे हे होऊ शकतं.

या काळात दिव्याला काहीच मिळालं नाही असंही नाही. 2 जानेवारी 2015 ला इथे प्रवाशांचा उद्रेक झाला, मध्य रेल्वे कित्येक तास ठप्प होती. डिसेंबर 2016 पासून जलद लोकल थांबायला लागल्या. फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका आली. या सगळ्याने प्रवास सुधारला. पण रूळ वाढले म्हणजे फाटक आणखी रुंद झालं, ओलांडायचं अंतर वाढलं.

म्हणून हा व्हिडिओ दिवेकरांइतकाच वांगणी, शेलू, नेरळच्या लोकांसाठी आहे. तुमच्याकडे आज टॉवर उठतायत, फाटकांजवळ मोकळी जागा अजून आहे. तुमच्या भागाचा विकास आराखडा काढून बघा. फाटकाच्या दोन्ही अंगांना अडीचशे मीटरचा पट्टा पुलासाठी राखलेला दिसतो का? दिसत नसेल, तर आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा लेखी द्या, आणि पोच घ्या. तुमच्या फाटकाची परिस्थिती खाली लिहा, गावाच्या नावासकट. पुढच्या भागात त्यातल्याच एका फाटकावर जाऊ.