हातच्याचा आठवडा

दर शुक्रवारी शेवटच्या तासाला मुलं दप्तरं आवरत असतात आणि मी एक कागद लिहीत असते. पालकांसाठी. 'या आठवड्यात आपण काय शिकलो.' भाषा : जोडाक्षरं. गणित : हातच्याची बेरीज. परिसर अभ्यास : बी कसं रुजतं. पंचवीसएक वर्षं लिहितेय हा कागद. आज तुमच्यासमोर कबूल करते, त्यातलं एक क्रियापद खोटं असतं. 'शिकलो' नव्हे, 'शिकवलं' असं लिहायला हवं. मी शिकवलं, एवढं खरं. मुलं शिकली का, हे त्या शुक्रवारी मलाही ठाऊक नसतं.

शिकणं आणि शिकवणं, दोन्हींत फरक एका 'व'चा. तो ओलांडायला मुलांना किती आठवडे लागतात, त्याबद्दलच मी बोलणार आहे. तयारीनिशी केलेलं भाषण नाही हे, वर्गातल्या गोष्टी सांगते.

हातच्याचाच आठवडा घ्या. सोमवारी आम्ही मणी काढतो. दहा मण्यांची माळ म्हणजे दशक, सुटे मणी म्हणजे एकक. 38 आणि 25 मिळवायचे. आठ सुटे आणि पाच सुटे, झाले तेरा. त्यातले दहा ओवले की एक नवी माळ तयार. ती सुट्यांच्या घरात राहू शकत नाही, माळांच्या घरात जाते. मंगळवारी तेच. बुधवारी मणी बाजूला ठेवून चित्रं. गुरुवारी नुसते अंक, आणि दशकाच्या डोक्यावर छोटासा हातचा. शुक्रवारी सराव कागद दिला की बहुतेकांचं बरोबर येतं. मी खूश होऊन पालकांच्या कागदावर लिहिते, 'हातच्याची बेरीज'.

मग मध्ये दोन दिवस सुट्टीचे. सोमवारी वही उघडावी तर 38 अधिक 25 बरोबर 513. आठ नि पाच तेरा, लिहिले. तीन नि दोन पाच, लिहिले. पाचशे तेरा! आणि लिहिणाऱ्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही. पालकांची चिठ्ठी येते, 'हे गेल्याच आठवड्यात झालं होतं ना?' हो, झालं होतं.

हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकानं 1885 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोगाला माणूस एकच, तो स्वतः. अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या पाठ करायच्या, मग किती विसरलो ते मोजायचं. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि पुढे मंदावतो, हे त्याचं निरीक्षण बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. मला त्याच्या दुसऱ्या दोन गोष्टी जास्त उपयोगी पडल्या. एक, विसरलेली यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे पुसलं गेलं असं वाटलं तरी खाली काहीतरी शिल्लक असतं. दुसरी, एकाच दिवशी 68 वेळा घोकून जे साधलं, ते तीन दिवसांत वाटून घेतलेल्या 38 आवृत्त्यांत साधलं.

तेव्हापासून आमच्या फळ्यावर रोज सकाळी चार गणितं असतात. एक कालचं, एक मागच्या आठवड्यातलं, एक महिन्यापूर्वीचं आणि एक अजून न शिकवलेलं. चौथं मुलांचं सर्वांत लाडकं. त्यात चुकण्याची लाज नसते ना! पण खरं काम करतं ते महिन्यापूर्वीचं. अर्धवट विसरलेलं आठवून काढताना कपाळाला आठ्या पडतात, आणि त्या आठ्या पडल्या की मला बरं वाटतं. पालकांना मात्र त्या आठ्या दिसल्या की काळजी वाटते. सोपं जाणं म्हणजे येणं, असं आपण धरून चालतो. शुक्रवारचा सराव कागद सोपा जातो, कारण त्यावरची दहाही गणितं एकाच जातीची असतात. कोणती रीत वापरायची हे मुलाला ठरवावंच लागत नाही. बेरीज आणि वजाबाकी मिसळून द्या, मग बघा.

आता जरा आपल्या मराठीकडे वळते. आपली मुलं शंभरापर्यंत मोजायला शिकतात तेव्हा किती अवघड काम करत असतात, याची आपल्याला कल्पना नसते. त्रेसष्ट म्हणताना आधी तीन ऐकू येतात, मग साठ. लिहायचं मात्र आधी सहा, मग तीन. मूल कानाला प्रामाणिक राहिलं तर ते 36 लिहिणार, आणि आपण म्हणणार, 'लक्ष कुठंय तुझं?' लक्ष होतं, म्हणूनच तसं लिहिलं. चिनी मुलांना बारासाठी 'दहा-दोन' म्हणायचं असतं, शब्दातच माळ आणि सुटे वेगळे दिसतात. जर्मन मुलांची गत आपल्यासारखीच, तिथंही एकक आधी.

त्यात आपल्याकडे 'एकोण'. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. शब्दात तीस ऐकू येतात, लिहिताना सुरुवात दोननं. पहिलीतलं मूल इथं हमखास 39 लिहितं. पण याच शब्दात एक खजिना दडलेला आहे. एकोणतीस नीट ऐकलं तर पुढची संख्या त्यातच सांगितलेली असते. आम्ही एक पूर्ण आठवडा फक्त एकोणिसापासून एकोणनव्वदपर्यंतच्या संख्यांवर घालवतो. टाचणात तसं काही लिहिलेलं नसतं, मी आपली घालवते.

एकदा एक मुलगी मोजत होती. अठ्ठ्याण्णवपर्यंत छान आली. थांबली, विचार केला आणि ठणकावून म्हणाली, 'एकोणशंभर!' वर्ग हसला. मी हसले नाही, कारण तिनं ती संख्या पाठ म्हटली नव्हती, बनवली होती. नव्व्याण्णव हा शब्द नियमाला सोडून आहे, तिचं उत्तर नियमाला धरून होतं. त्या दिवशी तिला 'एकोण' कळलं होतं. चाचणीत याला शून्य गुण. भाषा शिकताना लहान मुलं नेहमी हेच करतात. 'केलं'च्या जागी 'करलं' म्हणणारं मूल ऐकून बोलत नसतं, घरात तसं कोणीच म्हणत नाही. ते नियम लावत असतं.

चूक कशी वाचायची, हे मला वजाबाकीनं शिकवलं. एका मुलाची सगळी वजाबाकी चुकायची. 52 वजा 27, उत्तर 35. 402 वजा 178, उत्तर 376. निष्काळजी आहे, असा शेरा मी दोनदा मारला होता. मग एके दिवशी त्याची वही घरी नेली आणि चुका एका कागदावर उतरवल्या. तो निष्काळजी मुळीच नव्हता. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करत होता, मोठा वर असो की खाली. दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन. शून्यातून सात जात नाहीत, मग सातातून शून्य. एकही अपवाद नाही. 1978 साली जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या अशाच चुकांवर काम प्रसिद्ध केलं. संगणकाच्या आज्ञावलीत दोष असतो, तसे हे मुलांच्या रीतीतले दोष असतात, ते नियमित असतात, असं त्यांनी दाखवलं. एक दोष सापडला की वहीतलं पान उलगडतं.

मला वाईट याचं वाटलं की या मुलाला हे मीच शिकवलं होतं. बिनहातच्याच्या वजाबाकीच्या आठवड्यात मी दहा वेळा म्हणाले असेन, 'नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचे.' तो आठवडा बरोबर गेला. वाक्य मात्र दोन महिन्यांनी चुकलं. प्राथमिकच्या शिक्षकानं 'नेहमी' हा शब्द जपून वापरावा. 'गुणल्यावर संख्या नेहमी वाढते' हे तिसरीत शून्य आणि एक सोडले तर खरं, अपूर्णांक आले की खोटं.

आणि 402 मधलं ते शून्य! त्याच्याकडे उसनं मागायला जावं तर तोच कफल्लक. मग शतकाकडून घ्यायचं, दशकात आणायचं, त्यातलं पुन्हा एककाला द्यायचं. शून्याबरोबर बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम ब्रह्मगुप्तानं लिहिले ते 628 साली. आमच्या नियोजनात शून्यातून वजाबाकीला तास आहेत दोन.

पाढ्यांबद्दल थोडक्यात. एक ते दहाचे पाढे म्हणजे शंभर गुणाकार, म्हणून मुलं घाबरतात. पण सहा सत्ते आणि सात सक एकच, हे कळलं की उरतात 55. एकचा आणि दहाचा काढला की 36. दोनचा आणि पाचचा मुलांना आपसूक येतो, तेही बाजूला ठेवा, उरले 21. एवढेच काय ते घाम फोडणारे! आठवड्याला तीन घेतले तरी सात आठवडे. पाठांतराच्या मी विरोधात नाही, उलट पाढे तोंडावर असलेच पाहिजेत. भागाकार करताना डोकं भागाकारात लागायला हवं, सात सक किती यात नव्हे.

वाचनाचंही तसंच. 'मुलाला वाचता येतं' असं कोणी म्हटलं की मी विचारते, कोणत्या अर्थानं? एकेक अक्षर लावत वाक्याच्या शेवटाला पोचणाऱ्या मुलाला त्या वाक्याची सुरुवात आठवत नसते. ते कमी हुशार नसतं, त्याचं सगळं लक्ष अक्षरं फोडण्यात खर्च झालेलं असतं. अक्षर दिसताक्षणी ओळखू लागलं की अर्थासाठी जागा मोकळी होते, आणि हे कोणत्या आठवड्यात होईल ते सांगता येत नाही. काहींचं पहिलीच्या मध्यावर होतं, काहींचं दुसरीत. एकदम होतं. काल अडखळणारं मूल आज सूचनाफलक वाचत उभं असतं.

आपली लिपी तशी उच्चाराला धरून, पण डोळ्याला फसवणारी. 'कि' म्हणताना आधी क, मग इ. पानावर मात्र आधी वेलांटी, मग क. रफार तर विचारूच नका. 'पर्वत' म्हणताना र येतो व च्या आधी, चिन्ह बसतं व च्या डोक्यावर. म्हणून मुलं रफार प वर देतात, कारण ऐकू तिथंच येतो. आणि एका र ची रूपं किती? पर्वत, चक्र, राष्ट्र, कुऱ्हाड. चौघांची तोंडं वेगळी. माझ्या शुक्रवारच्या कागदावर या सगळ्याला एक शब्द असतो, 'जोडाक्षरं'.

बरोबरचं चिन्ह ही आणखी एक न दिसणारी गोष्ट. मुलांना विचारा, 8 अधिक 4 बरोबर रिकामा चौकोन अधिक 5. चौकोनात काय? बरीच मुलं 12 म्हणतील. काही सगळं मिळवून 17 म्हणतील. 7 म्हणणारी थोडी. वर्षानुवर्षं त्यांनी 'बरोबर'नंतर फक्त उत्तर लिहिलेलं असतं, म्हणून त्यांच्या लेखी ते चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिही' असा हुकूम. दोन्ही बाजू सारख्या, हे कोणी सांगितलेलंच नसतं. बीजगणितात मूल अडखळतं तेव्हा आपण आठवीच्या शिक्षकांना बोल लावतो, ठेच मात्र पहिलीतली असते.

शिक्षकांसाठी एक सांगते, पालकांनाही चालेल. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं 1970च्या दशकात वर्गातल्या प्रश्नोत्तरांत शिक्षक किती थांबतात ते मोजलं. सरासरी एक सेकंद. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मी थांबून पाहिलं. तीन सेकंद फार मोठे असतात हो! मनातल्या मनात एकोणतीस, तीस, एकतीस म्हणते, तेव्हा कुठं जमतं.

आता घरचा प्रश्न. मूल शाळेतून येतं, तुम्ही विचारता, 'आज काय शिकलास?' उत्तर येतं, 'काही नाही.' ते खोटं बोलत नसतं. दिवसभर जे घडलं त्याला त्याच्याकडे नाव नसतं. त्यापेक्षा म्हणा, 'मला शिकव.' मग बघा कसा गुरुजी होतो.

असंच एका मुलीनं आजीला वजाबाकी शिकवायला घेतली. 52 वजा 27. ती म्हणाली, पाचाकडून एक माळ सोडवून घेतली, पाचाचे झाले चार, बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन, उत्तर 25. आजी म्हणाली, हे काय भलतंच? पाचाला हात लावायचा नाही. बारातून सात गेले पाच, हातचा आला एक, तो खालच्या दोनात मिळवायचा, झाले तीन, पाचातून तीन गेले दोन. उत्तर 25. दोघींचं उत्तर एक, रीत वेगळी, आणि दोघींनाही दुसरीची रीत चूक वाटत होती. मुलगी रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी आईची चिठ्ठी, 'बाई, यातलं खरं कोणतं?'

दोन्ही खरं आहे. आजीच्या रीतीत वरच्या संख्येत दहा सुटे घालतात आणि खालच्या संख्येत एक दशक, म्हणजे दोन्हींत दहा-दहा वाढले. दोघांतलं अंतर तेवढंच राहतं. मला हे फळ्यावर सांगून मोकळं होता आलं असतं. सांगितलं नाही. मणी काढले, दोन गट केले, एकानं मुलीच्या रीतीनं करायचं, दुसऱ्यानं आजीच्या. आजीच्या गटाला नव्या माळा कुठून आणायच्या ते कळेना. त्यांनी आधी त्या शेजारच्या गटाकडून पळवल्या, मग भांडण. तीन दिवस हेच चाललं आणि नियोजनातला पुढचा पाठ मागे पडला.

शुक्रवारी कागद लिहायला बसले. भाषा : मागच्या आठवड्याचंच. गणित या शब्दापुढे लिहिलं, 'आजीची वजाबाकी. उत्तर बरोबर येतं. का येतं, ते अजून शोधतो आहोत.'