स्मार्ट मीटर : घराला काय मिळते आणि घराकडून काय जाते

श्रोतेहो, नमस्कार.

जुना वीजमीटर काढून त्याजागी स्मार्ट मीटर, म्हणजे वापराची नोंद स्वतःच वीज कंपनीकडे पाठवणारा मीटर, बसवायचा म्हटले की बहुतेक घरांत पहिली शंका एकच येते, ती म्हणजे बिल वाढेल का? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून आपण तिच्यापासूनच सुरुवात करू या.

जुन्या मीटरच्या काचेआड ॲल्युमिनियमची एक चकती फिरताना आपण पाहिली आहे. १८८९ साली हंगेरीतील अभियंते ओट्टो ब्लाथी यांनी अशा मीटरचे पेटंट घेतले आणि त्याच तत्त्वावर चालणारी यंत्रे पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ जगभरातील घरांत टिकून राहिली. वीज वाहू लागली की चुंबकीय क्षेत्रामुळे चकती फिरते, तिच्या फेऱ्यांवरून आकडे पुढे सरकतात आणि ठरावीक काळाने कोणीतरी येऊन ते लिहून नेतो. या रचनेतील एक गोष्ट ग्राहकाच्या पथ्यावर पडत होती, पण ती फारशी कोणाच्या लक्षात येत नसे. वापराने बेअरिंग झिजले, धूळ साचली की चकती बहुधा मंदावते आणि भार अगदीच थोडा असेल, तर घर्षणावर मात करून ती फिरूही शकत नाही. स्मार्ट मीटर हा इलेक्ट्रॉनिक मीटर असतो आणि त्यात फिरणारा भागच नसल्यामुळे तो असा लहान भारही मोजतो. रात्रंदिवस स्टँडबायवर असलेला टीव्ही, राउटर, भिंतीला लावून ठेवलेले चार्जर मिळून केवळ १० वॅटचा भार सतत चालू राहिला, तरी ३० दिवसांत ७.२ युनिट खर्च होतात. म्हणजे मीटर बदलल्यावर युनिट वाढले, तर नवा मीटर जोरात पळतो आहे असेच नाही, आधीचा मागे पडत होता असेही असू शकते. मात्र ज्या घरात आधीपासूनच इलेक्ट्रॉनिक मीटर होता, तेथे हे स्पष्टीकरण लागू पडत नाही आणि तेथे कोणी ते पुढे केले, तर ग्राहकाने ते मान्य करू नये.

इलेक्ट्रॉनिक मीटर चुकतच नाही, असा दावाही खरा नाही. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात झालेल्या आणि २०१७ मध्ये जाहीर झालेल्या प्रयोगांत, ऊर्जाबचतीचे दिवे आणि डिमर, म्हणजे दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारे बटण, यांची विशिष्ट जोडणी केली असता नऊपैकी पाच मीटरांनी प्रत्यक्षापेक्षा बरीच जास्त नोंद केली, एका टोकाला तर ५८२ टक्क्यांपर्यंत जास्त, तर काही मीटरांनी प्रत्यक्षापेक्षा कमी नोंद केली. प्रयोगातील जोडणी मुद्दाम अवघड ठेवलेली होती, तेव्हा प्रत्येक घरात असे घडते असा त्याचा अर्थ नाही. तरीही तक्रार करणाऱ्या ग्राहकाला ‘मीटर चुकूच शकत नाही’ असे सांगून परत पाठवणे किती चुकीचे आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

याची प्राथमिक पडताळणी घरीही करता येते. मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. घरातील सर्व उपकरणे बंद केल्यावर हा दिवा लुकलुकता कामा नये. लुकलुकला, तर कोठेतरी गळती आहे किंवा एखादे उपकरण विसरून चालू राहिले आहे. त्यानंतर पाणी तापवण्याचा १००० वॅटचा हीटर, अर्थातच पाण्यात ठेवून, तेवढाच चालू करावा आणि तीन मिनिटे मोजावे. छापील आकडा १००० असेल तर दिवा साधारण ५० वेळा लुकलुकेल आणि ३२०० असेल तर साधारण १६० वेळा. विजेचा दाब कमी-जास्त असल्यास या संख्येत थोडा फरक पडेल, परंतु ५० च्या जागी १०० मोजले गेले, तर अधिकृत तपासणीची मागणी करण्यास ते पुरेसे कारण आहे.

आता मीटरमधील ‘स्मार्ट’ भागाकडे वळू. हा मीटर साधारणपणे दर १५ किंवा ३० मिनिटांचा वापर वेगळा नोंदवतो आणि मोबाइलच्या जाळ्यातून, जवळच्या मीटरांशी जोडलेल्या रेडिओ लहरींतून किंवा विजेच्या तारांमधूनच ती नोंद कंपनीकडे पाठवतो. कंपनीकडून येणारे आदेशही तो स्वीकारतो. या दुहेरी संपर्कामुळे अंदाजाने बिल काढण्याची पद्धत बंद होऊ शकते आणि दार बंद होते म्हणून तीन महिने सरासरी बिल देऊन चौथ्या महिन्यात मोठी रक्कम माथी मारण्याचा प्रकार टळतो. वीज गेल्याची खबर तक्रार येण्याआधीच कंपनीला मिळू शकते, कारण अनेक मीटर बंद पडता पडता साठवलेल्या थोड्या ऊर्जेवर शेवटचा संदेश पाठवतात. वस्तीत दाब वारंवार कोठे पडतो, हेही नोंदीवरून कळते. छतावर सौर पॅनेल असलेल्या घरासाठी तर बाहेरून आलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर अनिवार्यच आहे.

तथापि हे फायदे आधी कोणाच्या पदरात पडतात, हेही पाहिले पाहिजे. इटलीने २००१ पासून सुमारे तीन कोटी घरांत असे मीटर बसवले, त्यामागे मीटर वाचण्यासाठी माणसे पाठवण्याचा खर्च आणि वीजचोरी कमी करणे ही कंपनीच्या हिताची कारणे ठळक होती. त्यात गैर काही नाही, कारण चोरीचा भार शेवटी प्रामाणिक ग्राहकावरच येतो. मात्र मीटरचा खर्च या ना त्या रूपाने ग्राहकाकडून वसूल होणार असेल, तर झालेल्या बचतीतील वाटाही त्याला दरात दिसला पाहिजे. ब्रिटनमध्ये २००७ ते २०१० या काळात झालेल्या मोठ्या चाचण्यांत ग्राहकांच्या वापरातील घट साधारण ३ टक्के इतकीच आढळली आणि घरात चालू वापर दाखवणारा छोटा पडदा असणे, हे त्या घटीचे महत्त्वाचे कारण ठरले. ज्या मीटरची माहिती फक्त कंपनीच्या संगणकात जमा होते, त्याने घराची वीज वाचेल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. शिवाय ही माहिती केवळ मोबाइल ॲपवर देऊन भागत नाही, कारण घरातील वृद्ध व्यक्तीला भिंतीवरचा पडदा वाचता येतो, पण ॲप उघडता येईलच असे नाही.

वेळेनुसार बदलणाऱ्या दरांचेही असेच आहे. मागणी कमी असताना वीज स्वस्त आणि जास्त असताना महाग, हे तत्त्व योग्य आहे, कारण संध्याकाळच्या दोन-तीन तासांसाठी जास्तीची वीजकेंद्रे तयार ठेवावी लागतात आणि त्यांचा खर्च सगळ्यांनाच सोसावा लागतो. धुलाई यंत्र, पाण्याचा पंप, वाहनाचे चार्जिंग दुसऱ्या वेळेला नेता येते. पण रात्रीचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आजारी माणसाचे ऑक्सिजन यंत्र पुढे ढकलता येत नाही. ज्या घरात हलवण्याजोगा भारच नाही, त्या घराला असा दर म्हणजे केवळ दरवाढ ठरते. म्हणून आरंभी तरी हा दर ऐच्छिक असावा आणि जुन्या दराने बिल किती झाले असते, तो आकडा शेजारीच छापावा.

सर्वात गंभीर बाब मला वाटते ती दूरवरून वीज तोडण्याची सोय. पूर्वी जोडणी तोडायला माणूस यावा लागे. तो येई तेव्हा त्याला घरातील तान्हे मूल दिसे, अंथरुणावरचा रुग्ण दिसे आणि त्याच्याशी बोलता येई. आता एका आदेशाने मीटरमधील रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, उघडतो आणि वीज बंद होते. प्रीपेड पद्धतीत तर शिल्लक संपताच हे आपोआप घडू शकते आणि ज्याचे उत्पन्न रोजच्या कामावर अवलंबून आहे, त्याच्या अडचणीची कोठे नोंदही होत नाही, तो केवळ अंधारात बसतो. रात्री व सुट्टीच्या दिवशी वीज तोडण्यास मनाई, आगाऊ सूचना, थोडी उधारी आणि वैद्यकीय उपकरणे असलेल्या घरांना पूर्ण संरक्षण, एवढ्या गोष्टी नियमात लिहिलेल्या नसतील, तर प्रीपेड मीटर घरगुती ग्राहकावर लादणे मला अन्यायाचे वाटते. खर्च हाताबाहेर जाऊ नये म्हणून काही घरे ही पद्धत आपखुशीने निवडतात आणि ती त्यांना सोयीचीही पडते, पण त्या निवडीत आणि सक्तीत मोठे अंतर आहे.

खासगीपणाचा प्रश्न काल्पनिक नाही. उपकरणागणिक विजेच्या वापराची चाल वेगळी असते आणि एकाच मीटरच्या नोंदीतून घरात कोणते उपकरण केव्हा चालले हे ओळखण्याच्या पद्धतीवर अमेरिकेतील जॉर्ज हार्ट यांनी १९९२ मध्येच सविस्तर लिहिले होते. तितका बारकावा नसला, तरी अर्ध्या तासाच्या नोंदींवरून घरचे लोक केव्हा उठतात, केव्हा बाहेर जातात, केव्हा गावाला गेलेले असतात, हे कळते. नेदरलँड्सच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये सक्तीच्या स्मार्ट मीटरचा कायदा याच कारणाने अडवला आणि नंतर मीटर नाकारण्याची मुभा ठेवूनच तो पुढे गेला. अमेरिकेतील एका संघीय अपील न्यायालयाने २०१८ मध्ये नेपरव्हिल शहराच्या खटल्यात म्हटले, की दर १५ मिनिटांची नोंद घेणे ही राज्यघटनेच्या दृष्टीने घराची झडतीच आहे. वीजपुरवठ्याच्या व्यवस्थेसाठी ती न्यायालयाला वाजवी वाटली, परंतु गुन्ह्याच्या तपासासाठी ती घेतली असती तर निर्णय वेगळा होऊ शकला असता, असेही त्याने सुचवले. घराची माहिती किती दिवस ठेवणार, कोणाला देणार आणि घरमालकाला ती केव्हा मिळणार, हे ग्राहकाला लेखी सांगितले गेले पाहिजे.

मीटरच्या रेडिओ लहरींनी आरोग्य बिघडेल या भीतीबद्दल एवढेच सांगतो, की मीटर दिवसातून थोडाच वेळ संदेश पाठवतो आणि भिंतीपलीकडच्या मीटरपेक्षा कानाला लावलेल्या मोबाइलचा संपर्क कितीतरी जास्त असतो. या भीतीपोटी कोणी मीटर नाकारू नये. नाकारायचाच असेल, तर त्याची याहून बळकट कारणे आहेत.

ज्यांच्या घरी हा मीटर लवकरच बसणार आहे, त्यांनी जुना मीटर काढण्यापूर्वी त्याचे शेवटचे रीडिंग आणि क्रमांक यांचे छायाचित्र घ्यावे, नव्या मीटरचा क्रमांक व सुरुवातीचा आकडा लिहून ठेवावा आणि कर्मचाऱ्याकडून सहीचा कागद मागून घ्यावा. पुढील काही बिलांची तुलना मागील वर्षाच्या त्याच महिन्यातील युनिटांशी करावी, रकमेशी नव्हे, कारण मधल्या काळात दर बदललेले असू शकतात. फरक मोठा वाटल्यास शेजारी समांतर तपासणी मीटर बसवण्याची आणि तासागणिक वापराचा तक्ता देण्याची लेखी मागणी करावी. घरात सगळे झोपलेले असताना त्या तक्त्यात वापर खाली येतो की नाही हे आधी पाहावे. येत नसेल, तर घरातील गळती किंवा जुना फ्रीज तपासावा, आणि घर कुलूपबंद असलेल्या दिवशीही एरवीइतकेच युनिट पडलेले दिसले, तर तो तक्ता जोडून तक्रार करावी.

नमस्कार.