प्लास्टिकचा सोऱ्या

नमस्कार, श्रोतेहो.

चकलीचं पीठ घट्ट झालंय की सैल, हे सोऱ्या दाबला की मनगटाला कळतं. प्लास्टिक तपासणाऱ्या प्रयोगशाळेतही असाच एक सोऱ्या असतो. पॉलिथिनचा दाणा त्यात भरायचा, 190 अंश सेल्सिअसला वितळवायचा, वर 2.16 किलोचं वजन ठेवायचं आणि दोन मिलिमीटरहून किंचित मोठ्या भोकातून 10 मिनिटांत किती ग्रॅम उतरलं ते तोलायचं. हाच एमएफआय, म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्स: वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं, त्याचा आकडा. दाणा घेताना कारखानदार आधी हाच आकडा विचारतो.

आकडा जितका लहान, तितकी रेणूंची साखळी लांब. लांब साखळ्या एकमेकींत गुंततात, आणि तो गुंता भलता चिवट. सरळ साखळीची लांबी दुप्पट केली, तर सावकाश वाहताना दाटपणा दुप्पट होत नाही, जवळजवळ साडेदहा पट होतो!

पण एवढ्यावर विसंबाल तर फसाल. एलडी (लो डेन्सिटी) आणि एलएलडी (लिनियर लो डेन्सिटी) हे पॉलिथिनचेच दोन प्रकार; दोन्हींचा एमएफआय अगदी सारखा असू शकतो. पिशव्यांची फिल्म फुगवायला घ्या: एलडीचा फुगा शांत उभा राहतो, एलएलडीचा डुलायला लागतो, वर यंत्राची मोटरही जास्त वीज ओढते. एलडीच्या साखळीला लांब फांद्या फुटलेल्या असतात, एलएलडीच्या फांद्या आखूड. एका वजनाच्या एका आकड्यात हे येणार कुठून?

म्हणून वजन दहापट करून, म्हणजे 21.6 किलो ठेवून, पुन्हा मोजतात. प्रवाह दहापट नाही, त्याहून बराच जास्त वाढतो, कारण जोराच्या दाबाखाली गुंता सुटत जातो. किती जास्त, त्यावरून साखळ्या एकसारख्या आहेत की लहानमोठ्या मिसळलेल्या, याचा अंदाज येतो. मात्र फांद्यांमुळेही हे गुणोत्तर वाढतं, तेव्हा नेमकं कारण कळायला आणखी एक परीक्षा लागते: ताणण्याची. पाकाची तार बघतो ना आपण, तशीच. वितळलेलं एलडी झपाट्याने ओढलं, की तुटण्याआधी ते ताठर होत जातं. त्याच्या फांद्या एकमेकींत अडकतात. एलएलडी मात्र निमूट बारीक होत जातं.

फांद्या मोजायला चुंबकीय अनुनादाचं महागडं यंत्र आहेच. पण त्याला सहा कार्बनांची फांदी आणि सहाशे कार्बनांची फांदी सहसा एकच वाटते. प्रवाहाला नाही. 10,000 कार्बनांमागे एखादीच लांब फांदी असली, तरी मंद गतीच्या मोजमापात दाटपणाचा आलेख लगेच वर चढलेला दिसतो.